लाइव्ह पोकर टेबलवर समोरच्याने ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स आत टाकल्या) की दर वेळी गोंधळ उडतो: कॉल (तेवढेच भरणं) की फोल्ड (पानं टाकून देणं), नेमकं कुठं चुकतंय ते शोधूया

प्रॉब्लेम बहुतेकांचा सारखाच असतो. छोटे पॉट (डावात मधे जमलेल्या चिप्स) व्यवस्थित खेळले जातात, पोझिशन (आपली बोलायची पाळी कधी येते) कळते, सुरुवातीची पानं निवडता येतात, आणि मग एखाद्या मोठ्या पॉटमध्ये समोरचा सगळा स्टॅक (स्वतःच्या सगळ्या चिप्स) पुढे सरकवतो आणि डोकं बंद पडतं. डीलर बघतोय, बाकीचे आठ जण बघतायत, समोरचा पुतळ्यासारखा बसलाय, आणि आपल्या मनात एकच प्रश्न गरगर फिरतोय की ह्याच्याकडे आहे का नाही, आहे का नाही. मग कधी वैतागून कॉल जातो, कधी घाबरून फोल्ड जातो, आणि पुढच्या सेशनला परत तेच.

हे परत परत होतंय म्हणजे ते नशीब नाही. नशीब असतं तर कधी इकडे कधी तिकडे गेलं असतं. इथं डाव वेगळा असतो पण घोळ त्याच जागी होतो.

आधी आपला घोळ कुठल्या जातीचा आहे ते बघून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. काही जण असे असतात की चांगली जोडी हातात आली की त्यांना सोडवत नाही, "बघून तरी घेऊ" म्हणून कॉल करतात आणि समोरून दोन जोड्या नाहीतर सेट (एकाच आकड्याची तीन पानं) उलटतो. काही जण बरोबर उलटे, ऑल-इन ऐकलं की त्यांना समोर कायम सगळ्यात भारी हातच दिसतो, आणि ते इतके फोल्ड करतात की टेबलवरच्या लोकांना ते कळतं आणि मग मुद्दाम त्यांच्यावरच दाब टाकला जातो. तिसरी जात मला सगळ्यात जास्त दिसते: निर्णय पानांवरून होतच नाही, मागच्या डावात काय झालं त्यावरून होतो. आत्ताच ब्लफ (हातात काही नसताना दाखवलेला जोर) खाल्ला असेल तर पुढचा कॉल, आत्ताच मोठा पॉट गेला असेल तर पुढचा फोल्ड. तुमचे आठवतील तेवढे मोठे पॉट डोळ्यासमोर आणा, तुमची जात कळेल.

तिन्हींचं मूळ माझ्या मते एकच आहे. प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. "त्याच्याकडे आहे का?" ह्याचं उत्तर त्या क्षणी टेबलवर कुणाकडेच नसतं, समोरचा सोडून. ज्याचं उत्तर काढता येतं तो प्रश्न असा: ह्या किंमतीला मला किती वेळा जिंकायला लागेल, आणि तो ह्या ठिकाणी जे जे हात घेऊन ऑल-इन करेल त्यातल्या किती हातांना मी हरवतो? दोन आकडे. पहिला तर शंभर टक्के पक्का निघतो, दुसरा अंदाजाने, पण तो अंदाज सुद्धा मोजून करता येतो.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट, जी ऑनलाइन खेळून आलेल्यांना हमखास नडते. लाइव्हमध्ये तोंडातून "कॉल" निघालं की निघालं, ते मागे घेता येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी एक चिप पुढे टाकली तरी कॉल धरतात. त्यामुळे ऑल-इन झालं की पहिलं काम म्हणजे हात चिप्सवरून काढायचे आणि डीलरला म्हणायचं, काउंट द्या. नजरेने मोजू नका. मोठ्या किंमतीच्या चिप्स ढिगाच्या मागे लपलेल्या असू शकतात, टूर्नामेंटला तर रंग बदलत असतात, आणि टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांप्रमाणे नेमका आकडा कळून घ्यायची जबाबदारी कॉल करणाऱ्याची असते, दुसऱ्याने चुकीचा आकडा सांगितला म्हणून सुटका होत नाही. काउंट मागितल्याने अजून एक फायदा होतो, डीलर चिप्स मोजतोय तेवढा वेळ तुम्हाला फुकट मिळतो आणि त्यात कुणाला काही वाटतही नाही.

आणि हेही बघा की तुमच्या मागे अजून कुणी बोलायचं बाकी आहे का. बाकी असेल तर तुमचा कॉल फक्त ऑल-इनवाल्याविरुद्ध नाहीये, मागचा माणूस जागा होऊ शकतो, आणि तेव्हा कॉलला जरा जास्त भक्कम हात लागतो. तिघं पॉटमध्ये असतील आणि छोट्या स्टॅकने ऑल-इन केलं असेल तर मेन पॉट (तिघांचा) किती आणि साइड पॉट (मोठ्या स्टॅकवाल्या दोघांचाच) किती हे डीलरकडून वेगळं वेगळं करून घ्या, दोन्हीचा हिशोब वेगळा असतो.

आता किंमत. सूत्र एकच: मला भरायचे आहेत ते, भागिले माझे भरल्यावर होणारा सगळा पॉट. इथं ठरलेली चूक म्हणजे स्वतःचा कॉल खालच्या आकड्यात धरायचा राहतो. पॉट १०,००० होता, त्याने ५,००० चं ऑल-इन केलं, तर लोक म्हणतात १५,००० साठी ५,००० म्हणजे एक तृतीयांश, ३३ टक्के. नाही. तुमचे ५,००० गेल्यावर पॉट २०,००० होतो, त्यातले ५,००० म्हणजे २५ टक्के. हा आठ टक्क्यांचा फरक लहान नाही, कॉलचा फोल्ड करायला एवढा पुरतो.

टेबलवर भागाकार करत बसायची गरज नाही, पाच-सहा आकडे पाठ करून ठेवा. एक तृतीयांश पॉटचं ऑल-इन असेल तर २० टक्के, अर्ध्या पॉटचं असेल तर २५, पाऊण पॉटचं ३०, पॉटएवढं असेल तर ३३, दीडपट असेल तर ३७-३८, आणि दुप्पट असेल तर ४०. बास. मधलं काही आलं तर मधला आकडा धरा, एक-दोन टक्क्यांनी काही बिघडत नाही कारण पुढचा अंदाज त्यापेक्षा ढोबळच असणार आहे. आणि ह्यातून एक गोष्ट कळते जी घाबरून फोल्ड करणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावी, की ऑल-इन कितीही मोठं असू दे, कॅश गेममध्ये तुम्हाला जिंकायला लागणारा वाटा ५० टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण पॉटमध्ये आधीपासून काहीतरी पडलेलं असतंच (पॉटमधून रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापला जातो त्याने आकडा थोडा वर सरकतो, छोट्या पॉटमध्ये जास्त, मोठ्यात नगण्य). म्हणजे तुम्हाला खात्री लागतच नाही. पॉटएवढ्या ऑल-इनला तीनदा कॉल करून दोनदा हरलात तरी हिशोब सरळ बसतो.

आणि पॉटमध्ये तुम्ही आधी टाकलेल्या चिप्स आता तुमच्या नाहीत. "एवढे घातलेत आता कसं सोडू" हे वाक्य मनात आलं की समजा की हिशोब थांबलाय. त्या चिप्स वरच्या सूत्रात पॉट म्हणून धरलेल्या आहेतच, त्यांना परत वेगळं वजन द्यायचं नाही.

दुसरा आकडा हा खरा मामला. तो एका डावावर नीट बघूया, कारण नुसतं "रेंजवर ठेवा" (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात धरा) सांगून कुणालाच काही कळत नाही.

तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि किल्वरचा राजा. तुम्ही रेझ केलं (रक्कम वाढवली), बटनवरच्याने (तुमच्यानंतर, शेवटी बोलणाऱ्याने) कॉल केला. फ्लॉप (बोर्डवरची, म्हणजे सगळ्यांची सामायिक, पहिली तीन पानं) बदाम राजा, बदाम नव्वी, किल्वर चव्वी. तुम्ही बेट, त्याचा कॉल. टर्न (चौथं पान) चौकट दुर्री, परत तुम्ही बेट, परत कॉल. रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) इस्पिक सत्ती. तुम्ही चेक केलं (काही न भरता पाळी पुढे दिली). पॉटमध्ये १८,०००, त्याच्याकडे उरलेत १८,०००, आणि तो सगळे आत टाकतो. किंमत पाठ आहेच: पॉटएवढं, ३३ टक्के.

आता मोजा, कशाला हरताय. नव्वीचा सेट: एक नव्वी बोर्डवर दिसतेय, उरलेल्या तिन्हींतून जोडी करायच्या ३ तऱ्हा. चव्वीचा सेट: तसंच, ३. एकाच रंगाचे राजा-नव्वी: राजे उरलेत इस्पिक आणि चौकट, म्हणजे २. राजा-सत्ती एकाच रंगाचे: इस्पिक सत्ती बोर्डवर गेली, उरला फक्त चौकटचा जोड, १. दुर्रीचा सेट मी धरत नाही कारण दुर्रीची जोडी घेऊन ह्या फ्लॉपवर कॉल करणारा माणूस क्वचित, सत्तीची जोडी घेऊन टर्नही बघणारा तसाच. स्ट्रेट (ओळीने पाच पानं) ह्या बोर्डवर होतच नाही. झाले ९.

मग हुकलेले हात. बदामाचे फ्लश ड्रॉ (एकाच रंगाची पाच पानं व्हायला एक कमी असलेले हात): बदाम एक्क्याबरोबर राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, पंजी, तिर्री असे ६ धरू, आणि राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, छक्की-पंजी असे ४. झाले १०. हे सगळे रिव्हरला कामातून गेलेत.

आता खरा प्रश्न, आणि तो पानांचा नाही, माणसाचा आहे. ह्या १० पैकी किती वेळा तो सगळा स्टॅक आत टाकतो, आणि किती वेळा गुपचूप चेक करून पानं टाकून देतो? अर्ध्या वेळा टाकत असेल तर ५ ब्लफ आणि ९ खरे, म्हणजे १४ पैकी ५ वेळा तुम्ही जिंकता, ३६ टक्क्यांच्या जवळ, आणि लागतात ३३, कॉल. दहापैकी दोनदाच टाकत असेल तर ११ पैकी २, म्हणजे १८ टक्के, सरळ फोल्ड आणि त्यावर परत विचारही करायचा नाही. रेघ साडेचारवर आहे. म्हणजे "त्याच्याकडे आहे का" ह्या प्रश्नाचा झाला "हा माणूस हुकलेले फ्लश ड्रॉ जवळजवळ निम्म्या वेळा ऑल-इन करतो का". ह्या प्रश्नाला उत्तर असतं, कारण तुम्ही त्याच्याबरोबर दोन तास बसलायत.

आणि माझं मत विचाराल तर छोट्या-मध्यम स्टेक्सच्या (रकमांच्या) लाइव्ह गेममध्ये बहुतेक लोक रिव्हरला एवढं मोठं ब्लफ करत नाहीत. फ्लॉपला करतील, प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) धाडस करतील, पण दोन स्ट्रीट (फेऱ्या) नुसता कॉल करत आलेला माणूस शेवटी अचानक सगळं आत टाकतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा असतं. आणि राजा-राणीसारखा तुमच्याहून कमी हात घेऊन तो व्हॅल्यूसाठी (कमी हाताकडून कॉल मिळावा म्हणून) ऑल-इन करत नाही, तो चेक करून बघतो. म्हणून अनोळखी, शांत माणसाविरुद्ध मी वरच्या डावात फोल्ड सांगेन, आणि ज्याने आज दोनदा उघड ब्लफ दाखवलाय त्याच्याविरुद्ध कॉल. पानं तीच, बोर्ड तोच.

इथंच अजून एक बारकावा आहे जो "बघून घेऊ"वाल्यांना खूप पैसे वाचवून देतो. समजा तुमच्याकडे इस्पिकच्या ऐवजी बदामाचा एक्का आहे. हात तेवढाच भारी, एक जोडी, एक्का किकर (जोडीबरोबरचं मोठं पान). पण आता त्याच्याकडे बदाम एक्क्याचे ते सहाच्या सहा ड्रॉ असूच शकत नाहीत, कारण तो एक्का तुमच्या हातात बसलाय. उरले ४ हुकलेले हात, त्यातले निम्मे म्हणजे २, आणि ९ खरे तसेच्या तसे. ज्या माणसाविरुद्ध आत्ता कॉल होता त्याच माणसाविरुद्ध आता फोल्ड. लोकांना उलटं वाटतं, "माझ्याकडे बदाम एक्का आहे म्हणजे त्याला फ्लश नाही". अहो पण फ्लश लागलाच नाहीये ना, तुम्हाला तर तो हुकलेलाच हवाय त्याच्याकडे. म्हणून रिव्हरला कॉल करायच्या आधी स्वतःची पानं परत एकदा बघा आणि विचारा: माझी ही दोन पानं त्याचे ब्लफ खातायत की त्याचे खरे हात खातायत? ह्या डावात तुमच्या हातातल्या किल्वर राजाने राजा-नव्वी आणि राजा-सत्तीचे जोड कमी केले, ते तुमच्या फायद्याचं आहे.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा शेवट बऱ्याच जणांनी बघितला असेल. क्रिस मनीमेकर रिव्हरला ऑल-इन जातो राजा-सत्ती घेऊन, काहीही लागलेलं नसताना, आणि सॅमी फर्हाकडे राणी-नव्वी, बोर्डवरची सगळ्यात मोठी जोडी. फर्हा बोलूनही दाखवतो की तुझा फ्लश हुकला असणार, आणि तरी शेवटी फोल्ड करतो. अंदाज बरोबर होता. मला त्या डावातून एवढंच दिसतं की अंदाज असणं आणि तो किती वेळा खरा असायला हवा हे माहिती असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फर्हासारख्या तगड्या खेळाडूलाही त्या दडपणात ही दरी ओलांडणं अवघड जातं.

मोजायची सवय लावायला थोडेच आकडे पुरतात. एखादी जोडी, जिचं एकही पान तुम्हाला दिसत नाही, तिच्या ६ तऱ्हा. एक पान दिसत असेल तर ३. दोन दिसत असतील तर १. जोडी नसलेली दोन पानं, उदाहरणार्थ एक्का-राजा, १६ तऱ्हांनी येतात, त्यातल्या ४ एकाच रंगाच्या. सुरुवातीला टेबलवर जमणार नाही, घरी जुने डाव घेऊन बसा, थोड्या दिवसांत हात बसतो.

प्रीफ्लॉप ऑल-इनला हीच पद्धत, आणि तिथं सगळ्यात जास्त भांडण एक्का-राजावरून होतं. धरा की रेझ, परत रेझ होत होत तुमचे २५ बिग ब्लाइंड (पानं बघायच्या आधी सक्तीने भरायच्या दोन रकमांपैकी मोठी, तीच मोजमाप म्हणून) आत गेलेत आणि समोरच्याने १०० चं ऑल-इन केलं. तुम्हाला अजून ७५ भरायचेत, सगळा पॉट होतो २०० च्या थोडा वर, म्हणजे ३७ टक्के लागतात. तुमच्याकडे वेगवेगळ्या रंगाचे एक्का-राजा. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असेल तर तुम्ही ७ टक्क्यांच्या आसपास, राजांची असेल तर ३०, राण्यांची असेल तर ४३, आणि एक्का-राजाच असेल तर निम्मे निम्मे. तुमच्या हातातल्या पानांमुळे त्याच्या एक्क्यांच्या जोड्या ३ च उरल्या, राजांच्या ३, राण्यांच्या ६, एक्का-राजाचे जोड ९. तो हे सगळे हात घेऊन ऑल-इन जात असेल तर तुमचा सरासरी वाटा साधारण ३९ टक्के येतो, कॉल, पण अगदी काठावर. तो एक्का-राजाला नुसता कॉल करणारा असेल आणि फक्त तीन मोठ्या जोड्या घेऊन आत जात असेल तर तुम्ही ३१ वर येता, फोल्ड. आणि काही जुने घट्ट खेळाडू असतात जे आयुष्यात फक्त एक्के आणि राजे घेऊनच इथपर्यंत येतात, त्यांच्याविरुद्ध तुम्ही १९ च्याही खाली, तिथं एक्का-राजा कितीही सुंदर दिसू देत, टाकून द्या. म्हणजे सगळा निर्णय "हा एक्का-राजा असा खेळतो का" ह्या एका गोष्टीवर लटकलेला आहे, आणि ते तुम्ही आधीच्या शोडाउनमध्ये (शेवटी पानं उघडताना) बघितलेलं असायला पाहिजे.

उलट छोट्या स्टॅकचं ऑल-इन असेल तर लोक उगाच फोल्ड करतात. टूर्नामेंट, ब्लाइंड ५००-१,०००, बिग ब्लाइंडचा अँटी (पॉटमधली आणखी एक सक्तीची भर) १,०००, बटनवाला १०,००० चं ऑल-इन करतो, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, तुम्ही बिग ब्लाइंडला. तुम्हाला भरायचेत ९,०००, पॉट होणार २१,५००, म्हणजे ४२ टक्के. दहा ब्लाइंड उरलेला माणूस बटनवरून बरंच काही घेऊन आत जातो, त्याला जावंच लागतं, मग तिथं फक्त मोठ्या जोड्यांची वाट बघत बसलात तर तुमचे ब्लाइंड रोज कुणीतरी उचलून नेणार.

ड्रॉ घेऊन ऑल-इनला कॉल करायचा असेल तर हिशोब सोपा आहे. तुमचे आउट (तुमचा हात पूर्ण करणारी उरलेली पानं) मोजा, फ्लॉपला असाल तर चारने गुणा, टर्नला असाल तर दोनने. फ्लश ड्रॉचे ९ आउट, फ्लॉपला ३५ टक्के, टर्नला २० च्या किंचित खाली. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेट ड्रॉचे ८, म्हणजे ३१-३२ आणि १७. फ्लॉपला पॉट १०,००० आणि ऑल-इन ८,००० असेल तर लागतात ३१, फ्लश ड्रॉने कॉल बसतो. तेच टर्नला झालं तर मुळीच बसत नाही, टर्नला नुसत्या फ्लश ड्रॉने एक तृतीयांश पॉटपेक्षा मोठ्या ऑल-इनला कॉल करणं म्हणजे हिशोबाबाहेर. इथं परत परत होणारी चूक म्हणजे फ्लॉपचा चारचा गुणाकार टर्नला वापरणं, आणि दुसरी म्हणजे सगळे आउट स्वच्छ धरणं. समोर सेट असेल तर फ्लश ड्रॉ ३५ वरून २५ च्या आसपास येतो कारण बोर्डवर जोडी आली की त्याचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशहून भारी) होतं. समोर मोठा फ्लश ड्रॉ असेल तर मग विचारूच नका.

आता टेल्स (समोरच्याच्या वागण्यातून पानांचा सुगावा देणाऱ्या खुणा), कारण लाइव्ह म्हटलं की हा विषय येणारच. माझं स्पष्ट मत आहे की टेल हा शेवटचा चिमूटभर मसाला आहे, काठावरचा निर्णय इकडून तिकडे करायला, त्यावर आख्खा निर्णय उभा करायचा नाही. चेहऱ्याकडे टक लावून बघण्यात तर फारसा अर्थ नाही, लोक चेहराच सगळ्यात जास्त सांभाळतात. २०१३ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स ह्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे व्हिडिओ लोकांना तुकड्यातुकड्याने दाखवले होते, आणि फक्त हात बघणाऱ्यांना, म्हणजे चिप्स पुढे सरकवताना बाहू कसे हलतात ते बघणाऱ्यांना, पानांचा अंदाज चेहरा बघणाऱ्यांपेक्षा चांगला आला. तेव्हा बघायचंच असेल तर चिप्स आत जातानाच बघा. थरथरणाऱ्या हातांचं म्हणाल तर नवीन माणूस ब्लफमुळे थरथरतोय असं लोकांना वाटतं, पण बहुतेक वेळा ती भारी पानं आल्याची उत्तेजना असते. आणि मोठ्याने उसासा टाकून, खांदे पाडून ऑल-इन म्हणणाऱ्याला कॉल करताना दहादा विचार करा. त्याच माणसाला आधी ह्याच परिस्थितीत बघितलं असेल तरच टेलला किंमत, नाहीतर सोडून द्या.

वेळेबद्दलही बोलायला हवं. मोठा निर्णय असेल तर वेळ घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण ठरवून घ्या: किंमत, मग मोजणी, मग माणूस, आणि बोला. कुणी क्लॉक मागितलं (तुमच्या निर्णयाला वेळेची मर्यादा लावायला सांगितलं) तर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांत २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांची उलटी गिनती मिळते, त्यात वरचं सगळं बसतं, जर आकडे पाठ असतील तर. दोन-तीन मिनिटं नुसतं बसून राहिल्याने नवीन माहिती येत नाही, फक्त भीती वाढते.

टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी एक मोठा अपवाद आहे आणि तो माहीत नसेल तर वरचं सगळं गणित तुम्हाला खड्ड्यात घालेल. बक्षिसांच्या जवळ आल्यावर हरलेल्या चिप्सची किंमत जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. सगळ्यात ठळक उदाहरण सॅटेलाइटचं, म्हणजे जिथं बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटची सीट मिळते. ५ सीट आहेत, ६ जण उरलेत, सगळ्यांचे स्टॅक सारखे. काहीही न करता बसलात तर तुमची सीट मिळायची शक्यता सहात पाच, ८३ टक्के. आता एकाने ऑल-इन केलं आणि तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आहे. कॉल करून जिंकलात तर सीट, हरलात तर घरी. म्हणजे कॉल परवडायला तुम्हाला ८३ टक्के जिंकायला पाहिजे, ५० च्या खालचं काही नाही. एक्क्यांची जोडी कुठल्याही दोन पानांविरुद्ध सरासरी ८५ टक्के जिंकते, आणि समोर राजांची जोडी असेल तर ८२. जगातला सगळ्यात भारी हात, आणि तो सुद्धा काठावर! मग तिथं दश्शीची जोडी नाहीतर एक्का-राणी घेऊन कॉल करणाऱ्यांचं काय होत असेल बघा. नेहमीच्या टूर्नामेंटमध्ये परिस्थिती एवढी टोकाची नसते पण दिशा तीच, बबलवर (बक्षिसांच्या अगदी तोंडाशी) आणि फायनल टेबलला, विशेषतः तुमच्यापेक्षा छोटे स्टॅक अजून जिवंत असताना, पॉट ऑड्स (वर काढलेली किंमत) सांगतात त्यापेक्षा बरेच टक्के जास्त हाताशी असल्याशिवाय कॉल नको.

हे सगळं करूनही गोंधळ जात नसेल तर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे समोर ठेवलेले पैसे तुम्हाला झेपतायत का. ऑल-इनची रक्कम ऐकून पोटात गोळा येत असेल तर कुठलाच आकडा डोक्यात टिकणार नाही, आणि त्यावर उपाय पोकरचा नाही, खालच्या स्टेकला जाऊन बसणं हाच, ह्यात कमीपणा अजिबात नाही. आणि गेलेले पैसे परत मिळवायला म्हणून कॉल होत असतील तर त्या रात्री उठा, पुढचा डाव वाटायच्या आत.

दुसरी म्हणजे नोंद. प्रत्येक मोठ्या ऑल-इननंतर, कॉल असो की फोल्ड, ब्रेकमध्ये फोनवर चार गोष्टी लिहा: पॉट किती होता आणि भरायचे किती होते, किती टक्के लागत होते, तुम्ही किती धरले, आणि शोडाउन झालं असेल तर समोरच्याने काय दाखवलं. जिंकलो की हरलो हा रकाना मुद्दाम ठेवू नका. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तिसरा आणि चौथा आकडा शेजारी ठेवून बघा. तुम्ही ४० टक्के ब्लफ धरत होतात आणि समोरून खरे हातच निघत होते असं दिसलं तर "बघून घेऊ"ची सवय आहे, रिव्हरला तुमच्या अंदाजातले ब्लफ सरळ निम्मे करा. आणि सगळ्या नोंदी फोल्डच्याच असतील, शोडाउनचा रकाना रिकामाच राहिला असेल, तर अर्ध्या पॉटपर्यंतच्या ऑल-इनपासून सुरुवात करा, तिथं फक्त २५ टक्के लागतात, आणि मधल्या ताकदीचे हात घेऊन कॉल करून समोरची पानं बघायला लागा.